आधी थोरल्याचं

अमरावती, १८ जून १९३५

जावईबापू नत्थुजी यांना उत्तमरावचा रामराम.

काल कचेरीत मॅट्रिकच्या निकालाचा कागद आला. साहेबाच्या टेबलावरून तो माझ्या टेबलावर येईपर्यंत मला दम निघाला नाही, उभ्याउभ्याच पाहून घेतला. तुमचा भगवंत पास झाला. नुसता पास नाही, दुसऱ्या वर्गात, आणि गणितात अकोल्याच्या त्याच्या शाळेत त्याच्या वर फक्त दोन पोरं आहेत. थोरला गोवर्धन यंदाही इंग्रजीत राहिला. त्याला रागावू नका, धीर द्या.

आता नीट ऐका. फुलं-भाजी पिकवून विकणाऱ्या आपल्या गोतात मॅट्रिकच्या पुढं गेलेला एकही माणूस नाही. मी गेलो नाही, म्हणून वीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांच्या नकला करत बसलो आहे. भगवंताला कॉलेजात घालायचं. कॉलेज इथं अमरावतीत आहे, मामाचं घर इथं आहे, आणि सत्यभामेनं मागची खोली सारवून ठेवलीसुद्धा. पोराच्या जेवणाखाण्याची, पुस्तकांची काळजी तुम्ही करायची नाही, ती माझी. दाखल होण्याचा अर्ज दहा जुलैच्या आत द्यावा लागतो. तेव्हा विचार करत बसू नका, पोराला गाडीत बसवा.

हे पत्र नेहमीसारखं भगवंतच तुम्हाला वाचून दाखवेल. बेट्या, मोठ्यानं वाच.

माझ्या बहिणीला, माणिकला, आशीर्वाद.

उत्तमराव


पिंपळडोह, मार्गे पातूर, २७ जून १९३५

उत्तमरावजीले नत्थुजीचा रामराम. लिवनार भगवंत.

तुमचं पत्र भेटलं. मी वाफ्यात होतो, भगवंतानं बांधावर बसून वाचून दाखवलं. भगवंत पास झाला म्हनून तुमाले आनंद झाला अन् गोवर्धनले धीर द्या म्हनून लिवलं, ते आयकून माह्या जिवाले बरं वाटलं. मामा असावा तं असा. दुसरा असता तं पास झालेल्या पोराचीच वाहवा करत बसला असता.

आता माह्या मनातली गोष्ट सांगतो. गोवर्धन मोठा हाय. मोठ्याच्या आधी लहान्याचं आमच्यात होत नाई. लग्नाचं जसं, तसंच हे. लहाना कालेजात गेला अन् मोठा नापास होऊन घरी बसला, तं उद्या गोवर्धनसाठी पोरगी पाहाले जाऊ तवा लोक काय पुसतीन? म्हनतीन, मोठ्यात काही तरी खोट हाय. म्हनून मी ठरवलं, गोवर्धन आनखी एक डाव परीक्षेले बसन. भगवंत त्याले शिकवन. पुढच्या साली दोघंही संगं जातीन. आधी मोठ्याचं नाव, मंग लहान्याचं.

वांग्याचं रोप लावून राहिलो. भगवंताचा हात कामाले चांगला हाय. माणिक खुशाल हाय.

नत्थुजी


अमरावती, २ जुलै १९३५

नत्थुजी, रामराम.

मी लिहितो काय आणि तुम्ही उत्तर देता काय! अर्ज, दहा तारीख, मागची खोली, यातल्या एकाही गोष्टीला तुम्ही हात लावला नाही. जणू मी लिहिलंच नव्हतं. मी नकला करणारा कारकून खरा, पण साधं मराठी मला लिहिता येतं.

कॉलेज म्हणजे काय लग्नाचा मांडव आहे, आधी थोरला बोहल्यावर चढलाच पाहिजे म्हणायला? गोवर्धन चांगला पोरगा आहे. पण इंग्रजीशी त्याचं पटत नाही, दोनदा पटलं नाही, तिसऱ्यांदा पटेलच असं कोणी सांगावं? त्याच्यासाठी भगवंताला घरी बांधून ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. एक वर्ष मधे रिकामं गेलं की पोराच्या हातातलं पुस्तक सुटतं, ते पुन्हा धरवत नाही. हे मी ऐकीव सांगत नाही, माझंच सांगतो. तुमच्यासारखा हेकट माणूस अख्ख्या बाळापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. मोटेचा बैलसुद्धा हाक मारली की फिरतो, तुम्ही तेवढंही फिरत नाही.

आठ दिवस उरले आहेत. पोराला पाठवा, नाहीतर नाही म्हणून तार तरी करा.

उत्तमराव


पिंपळडोह, १४ जुलै १९३५

उत्तमरावजीले रामराम. लिवनार भगवंत.

तुमचं पत्र भेटलं. तुमी मोटेच्या बैलाची खबर पुसली. एवढ्या मोठ्या कचेरीत बसून बी तुमाले माह्या बैलाची आठवन रायते, याचं मले नवल वाटलं. तांबड्याच्या खांद्याले सूज आलती, आता उतरली. बाळापूर तालुक्यात पानी सारीकडे बरं हाय.

गोवर्धन चांगला पोरगा हाय असं तुमी लिवलं. ती ओळ मी भगवंताकून दोन डाव वाचून घेतली, एक डाव माह्यासाठी अन् एक डाव गोवर्धनले बलावून. पोरगं नापास झाल्यापासून मान खाली घालून फिरत होतं. तुमच्या त्या एका बोलानं जेवाले लागलं.

झेंडूचं बी पेरलं.

नत्थुजी


अमरावती, २० जुलै १९३५

चि. भगवंतास आशीर्वाद, आणि समोर असतास तर दोन रट्टे.

दहा तारीख गेली. मी कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. उगाच गेलो. तुझ्या बापाला मी काय काय लिहिलं ते तुला माहीत आहे, तूच वाचलंस. आणि त्यांचं उत्तर काय, तर बैलाची सूज उतरली. मी रागावलो तर माणूस रागावतो, भांडतो, निदान गप्प बसतो. हा माणूस मला धन्यवाद देतो. याच्याशी भांडायचं तरी कसं?

आणि तू? कागद तुझ्या हातात, पेन तुझ्या हातात. बाप सांगतो ते निमूटपणे उतरवून घेतोस, शाळेतल्या शुद्धलेखनासारखं. एक ओळ स्वतःची घालायला तुझं काय जातं? तोंडानं सांगता येत नसेल तर मला एकट्याला लिही. तुला कॉलेजात यायचं आहे की नाही, एवढं स्पष्ट सांग. नसेल यायचं तर मी हा नाद सोडतो, माझ्याही जिवाचा ताप कमी होईल.

मामा


पिंपळडोह, २९ जुलै १९३५

ती. मामांस भगवंताचा साष्टांग नमस्कार.

आपलं पत्र पोचलं. मला यायचं आहे. शाळेतले मास्तर म्हणाले होते की गणित घेऊन बी.ए. कर. अकोल्याहून परत येताना मी बीजगणिताचं पुस्तक शाळेत जमा केलं नाही, मास्तरांनी ते मला ठेवू दिलं. दुपारी पाणी पाटात सोडलं की वाफा भरेपर्यंत वेळ असतो, तेव्हा मी गणितं सोडवतो.

बाबांचा राग करू नये. ते माझ्या वाईटावर नाहीत. घरी आलेली सगळी पत्रं मीच वाचतो. आपली पत्रं वाचताना मला फार जड जातं. म्हणून विनंती, बाबांच्या पत्रात माझ्याबद्दल जास्त लिहू नये.

आपला
भगवंत


अमरावती, ४ नोव्हेंबर १९३५

जावईबापूंना रामराम.

भाऊबीजेला माणिक आली नाही. सत्यभामेनं ताट करून ठेवलं होतं. बाजारात शेवंतीला भाव आहे म्हणून निघता आलं नाही, असं तुम्ही कळवलंत. शेवंती दरवर्षी असते, आणि आजवर माझी बहीण एकदाही चुकली नव्हती. ती आली असती तर तिला समोर बसवून चार गोष्टी सांगणार होतो. स्वतःचं सांगायची लाज वाटते म्हणून पोरगा मला म्हणतो माझ्याबद्दल लिहू नका. म्हणजे पोरगा लाजतो, बाप ऐकत नाही, बहीण येत नाही. मी काय भिंतीशी बोलू?

बरं. तुम्ही हटायचे नाही, तेव्हा मीच हटतो. थोरला आधी म्हणता ना? गोवर्धनाला माझ्याकडे पाठवा. परीक्षेपर्यंत इथं राहील, मी स्वतः त्याचं इंग्रजी घेईन, कचेरीतल्या एका मद्राशी बाबूलाही सांगितलं आहे. तो एकदाचा पास झाला की तुमची रीत पुरी झाली आणि भगवंताचा रस्ता मोकळा झाला. हे सगळं मी भगवंतासाठी करतो आहे, हे ध्यानात ठेवा. पुढच्या जूनमध्ये पुन्हा नवी सबब काढलीत तर मी तुमच्या दाराशी येऊन बसेन.

उत्तमराव


पिंपळडोह, १३ नोव्हेंबर १९३५

उत्तमरावजीले रामराम. लिवनार भगवंत.

तुमच्या पत्रानं डोयात पानी आलं. गोवर्धनले स्वतःच्या घरी ठेवून तुमी त्याले शिकवनार, तेही कचेरीतून थकून आल्यावर. मी गावात साऱ्याइले सांगतलं, पोराचा मामा पाहा. मोठ्या भाच्यासाठी जीव टाकते.

गोवर्धनले धाडून राहिलो. संगं वांगी, वालाच्या शेंगा अन् देवाले शेवंतीची फुलं हायेत. भगवंताले इकडे मीच ठेवून घेतो, त्याची तुमी फिकीर करू नका. माणिक तुमाले नमस्कार सांगते.

नत्थुजी


अमरावती, ९ फेब्रुवारी १९३६

जावईबापूंना रामराम.

गोवर्धनाची प्रकृती ठीक. इंग्रजी तेवढं ठीक नाही. सकाळी शिकवलेलं संध्याकाळी विचारलं तर असा पाहतो, जणू मी दुसऱ्या कोणाच्या पोराला विचारतो आहे. काल सत्यभामेनं त्याला मीठ आणायला धाडलं. दोन तास पत्ता नाही. शोधायला गेलो तर इतवारा बाजारात एका म्हाताऱ्या हारवालीच्या शेजारी मांडी घालून बसला होता, तिला गजरे गुंफून देत होता आणि झेंडू कोणत्या नक्षत्रावर लावावा ते समजावून सांगत होता. बाई त्याच्यावर इतकी खूश की मलाच म्हणाली, पोरगं मोठं हुशार आहे. हुशार आहेच. प्रश्न पेपरात झेंडूवर येत नाहीत, हीच अडचण.

भगवंताला म्हणावं, तुझ्यापायी मी तुझ्या भावाला आणि स्वतःला किती छळतो आहे ते पाहा. तयारीत राहा.

उत्तमराव


पिंपळडोह, २४ जून १९३६

उत्तमरावजीले रामराम. लिवनार भगवंत. हे पत्र गोवर्धनच्या हातून धाडून राहिलो.

गोवर्धन पास झाला. तिसरा वर्ग का होईना, पास झाला. गावात पेढे वाटले. हे सारं तुमचं पुन्य हाय. आता तुमची इच्छा पुरी करतो. गोवर्धनले कालेजात घाला. अर्जावर सही कराले त्यालेच धाडला हाय.

मागच्या साली दोघंही संगं धाडू असं मी म्हनलं होतं. पर आता शेजारचा दोन एकराचा मळा बटईनं, अर्ध्या वाट्यानं घेतला, भगवंताच्या भरोशावर. एक पोरगं तं हाताखाली पाहिजे. भगवंताले पुसलं, तो नाई म्हनला नाई. अन् तुमी बी त्याच्यासाठी कधी आग्रह केला नाई, म्हनून मले वाटलं, तुमचाही इचार हाच असन. लहान्याचं पुढं पाहू.

नत्थुजी


अमरावती, २८ जून १९३६

नत्थुजी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग चष्मा काढून ठेवला. मी भगवंतासाठी आग्रह केला नाही? अहो, वर्षभर दुसरं काय लिहितो आहे मी? गेल्या जूनमध्ये लिहिलं की भगवंताला कॉलेजात घाला, खोली तयार आहे. जुलैमध्ये लिहिलं की थोरल्यासाठी धाकट्याला अडवणं मूर्खपणा आहे. तुम्हाला हेकट म्हणालो, बैलाशी तुमची तुलना केली, आणि तुम्ही मला बैलाची खुशाली कळवलीत. नोव्हेंबरात सरळ लिहिलं की गोवर्धनाला शिकवतो ते भगवंताचा रस्ता मोकळा व्हावा म्हणून. आणि आता माझ्याच हातानं रस्ता मोकळा करून घेऊन तुम्ही त्यावर धोंडा ठेवता? आंधळा माणूस परवडला, बहिरा परवडला, पण सगळं ऐकून गोड बोलून आपलंच करणारा माणूस मला परवडत नाही.

गोवर्धनाला तुम्ही इथं धाडलात, तर तो काल रात्रीच म्हणाला, मामा, मला नका ना घालू. मी अर्जावर त्याची सही घेतलेली नाही.

हे पत्र त्याच्याच हातानं परत पाठवतो आहे आणि वाचायचंही त्यानंच. मॅट्रिक झाला आहे, मामानं पाच महिने रक्त आटवलं आहे, एवढी तीन पानं तरी वाचून दाखवू दे. दहा जुलै यंदाही दहा जुलैलाच येणार आहे. त्या दिवशी भगवंत माझ्या दारात नसेल तर यापुढं आपला पत्रव्यवहार बंद.

उत्तमराव


पिंपळडोह, ५ जुलै १९३६

उत्तमरावजीले नत्थुजीचा रामराम. लिवनार गोवर्धन. अक्षर समजून घ्या.

गोवर्धन मंगळवारी आला. तुमचं पत्र त्यानं वाचाले घेतलं. चार ओळी झाल्या अन् मी म्हनलं, थांब, हे तुह्या मामाचं पत्र नाई. मामा असा बोलत नाई. गोवर्धन म्हने, बाबा, मामा असाच बोलते, मी पाच महिने त्याहिच्या घरी होतो.

मंग मी सारं पत्र आयकलं. तुमी लिवता की वर्षभर हेच लिवलं. मी तं काहीच आयकलं नव्हतं. पेटीतून तुमची जुनी पत्रं काढाले लावली. गोवर्धननं दुपारभर बसून एक एक वाचलं, अडखळत अडखळत, पर काही सोडलं नाई. मी मूर्ख हाओ, हेकट हाओ, मोटेच्या बैलाहून बेकार हाओ, सारं एका बैठकीत समजलं. मागची खोली समजली. दहा तारीख समजली. तुमी सालभर दाराशी ओरडत होते अन् मी आत बसून तुमाले दुवा देत होतो.

भगवंत तिथंच उभा होता. मी पुसलं, काहून नाई वाचलं रे? मंग म्हने, "बाबा, वाचनारा बी मीच अन् त्यात भलं बी माहंच. तुमाले वाटलं असतं, पोरगं मनचंच वाचून राहिलं. अन् दुसऱ्या कोनाकून वाचून घेतलं असतं तं मामानं तुमाले काय काय म्हनलं ते गावाले आयकू गेलं असतं."

मी त्याच्यावर हात उगारला होता, उत्तमरावजी. मंग खाली घेतला. मले वाटलं, त्यानं तवा वाचलं असतं तं म्या खरं मानलं असतं का? नसतं मानलं. म्हनलो असतो, मोठ्याले मागं टाकाले पाहाते. पोरानं मले बरोबर ओयखलं होतं, याचंच मले वाईट वाटलं.

गोवर्धन म्हनते, त्याले जायाचंच नाई, मागच्या सालीच नव्हतं जायाचं. हे तो या मंगळवारी पहिल्यांदा बोलला. एका चुलीवर जेवतो अन् कोनी कोनाले काही सांगत नाई. बटईचा मळा गोवर्धन पाहीन. सोयरीक करनारे पुसतीन तं पुसतीन, मी सांगीन की मोठ्याच्या हाताले फूल लागते अन् लहान्याच्या हाताले पुस्तक.

भगवंताले उद्या अकोल्याहून गाडीत बसवतो. हे पत्र तोच घेऊन येईन. त्याले रागावू नका. मले काय म्हनायचं ते म्हना, आता मी आयकतो.

नत्थुजी


दादा, माणिकचा नमस्कार.

हे मळ्यात गेले, तवर गोवर्धनकून लिवून घेते. त्याले आन घातली हाय, अन् पाकीट मी स्वतःच चिकटवनार हाओ.

मले वाचता येत नाई. पर तुह्यं पत्र केवढं मोठं रायते ते दिसते. भगवंत चार पानं उलटे अन् चारच गोष्टी सांगे. पहिल्याच डावाले मले समजलं की हा काही तरी गिळून राहिला, अन् तू काय लिवलं असशील तेही समजलं. तवाच म्हनली असती, भगवंता, सारं वाच, तं त्यानं वाचलं असतं. माह्यं आयकते तो. मी म्हनली नाई. कालेजात गेलेला पोरगा पुन्हा वाफ्यात येत नाई. तू तं मॅट्रिकच्या शाळेतच गेला होता, तरी तू कुठं आला?

भाऊबीजेले म्हनूनच आली नाई. तुह्यासमोर बसून खोटं बोलता आलं नसतं. शेवंतीचं मीच सांगाले लावलं.

तू याहिलेच शिव्या दिल्या, त्या मंगळवारी गोवर्धन वाचत होता अन् हे खाली मान घालून आयकत होते, अन् मी चुलीपाशी बसली होती. तवाही बोलली नाई. याहिले अजून माहीत नाई. भगवंताले बी माहीत नाई, तो जाताना माह्या पाया पडन अन् मी त्याच्या तोंडाकडे कशी पाहू ते मले समजून नाई राहिलं.

एक साल मी त्याले ठेवून घेतला, दादा. आता चार साल तू ठेव.